बर्नलीत घर बघताना: आधी भाड्याचं, मग विकतचं

मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत पहाटेपर्यंत मागांचा खडखडाट चालायचा, त्यामुळे बर्नलीत उतरल्यावर गिरण्यांची थंड पडलेली धुराडी बघून गाव ओळखीचंच वाटलं. लँकेशरमधलं हे गाव एके काळी सुती कापड विणण्यात जगात पहिलं होतं. हार्ल साइकची क्वीन स्ट्रीट मिल १९८२ साली बंद पडली, तोवर तिथले माग वाफेवरच चालत होते. कापड गेलं, पण विणकरांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या ओळी तशाच उभ्या राहिल्या. या ओळींमुळेच बर्नली आज इंग्लंडमधल्या सर्वांत स्वस्त घरांच्या गावांत मोडतं. देशात सरासरी घर तीन लाख पौंडांच्या जवळपास जातं, इथं त्याच्या निम्म्याहूनही कमी.

इस्पितळात, केअर होममध्ये नाहीतर गोदामात नोकरी लागून इकडे येणारी मराठी मंडळी अधूनमधून मला फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, ऐंशी हजार पौंडांत घर दिसतंय, घेऊन टाकू का?"

माझं उत्तरही ठरलेलं आहे. एक अख्खा हिवाळा भाड्यानं काढा, मग बोलू. इथली किंमत तुम्हाला फसवणार नाही, ती खरोखरच कमी आहे. फसवतात त्या भिंती, छप्पर आणि गल्ली, आणि या तिन्हींची ओळख नोव्हेंबर ते मार्च याच काळात होते. तोवर काय काय करायचं, ते क्रमानं सांगते.

आधी शब्द समजून घ्या

जाहिरातीत ‘टेरेस’ वाचून गच्ची मिळणार असं समजू नका. आमच्या एका ओळखीच्यांनी पापड वाळवायचे बेत केले होते! इथं टेरेस म्हणजे पुण्यात ज्याला आपण रो-हाउस म्हणतो ते: भिंतीला भिंत लावून ओळीनं बांधलेली घरं. बर्नलीतलं नमुनेदार घर ‘टू अप टू डाउन’. खाली दोन खोल्या, वर दोन. रस्त्यावरचं दार उघडलं की थेट बैठकीची खोली, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं फरसबंद परसू आणि परसाच्या दारापलीकडे बोळ. त्या बोळाला इथले लोक ‘गिनल’ म्हणतात. न्हाणीघर बहुतेक वेळा नंतर जोडलेलं असतं, त्यामुळे कधी ते वर झोपायच्या खोलीचा तुकडा तोडून केलेलं असतं, तर कधी खाली स्वयंपाकघराच्या मागं.

कार्पेट एरिया विचारला तर एजंट गोंधळतो. इथं घर बेडरूमच्या संख्येवर विकतात. जाहिरातीत खोल्यांच्या मापांचा नकाशा असला तर बघा, नसला तर टेप घेऊन जा. जिना अरुंद आणि उभा असतो. डबल बेड वर जाईल का, हा प्रश्न इथं चेष्टेचा नाही.

गाव एक, भाव अनेक

बर्नली छोटं आहे, पण दोन गल्ल्या ओलांडल्या की किंमत दीडपट होते. ट्रिनिटी, डेन्सहाउस, स्टोनीहोम, गॅनो या भागांत जुन्या टेरेस दाटीनं आहेत, आणि सर्वांत स्वस्त घरं तिथंच दिसतात. आयटनहिल, रीडली, वर्स्थॉर्न, क्लिव्हिजर इकडे बाग असलेली, जोडघरं किंवा सुटी घरं, आणि भाव अर्थातच चढे. पॅडिहॅम हे शेजारचं गाव बऱ्याच जणांना आवडतं, पण नदीकाठचा भाग २०१५ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पुरात गेला होता, हे तिथं घर बघताना विसरू नका. पुराचा धोका सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून फुकट बघता येतो.

स्वस्त गल्ली म्हणजे वाईट गल्ली, असं मी म्हणत नाही. कोथिंबीर, मेथी आणि बाजरीचं पीठ मला या दाट वस्तीतल्या दुकानांतच मिळतं, आणि शेजारीही तिथंच चौकशी करतात. पण स्वस्ताईमागची कारणं माहीत हवीत. गिरण्या गेल्यावर गावात घरं जास्त आणि माणसं कमी अशी स्थिती झाली. २००३ ते २०११ या काळात सरकारी योजनेतून इथल्या कित्येक ओळी पाडल्या आणि मग निधीच बंद झाला. उरलेल्या घरांपैकी पुष्कळ घरं लंडनकडच्या गुंतवणूकदारांनी न बघता, फोनवरून विकत घेतली. ज्या गल्लीत अर्धी घरं भाड्याची आणि चार-दोन पत्रे ठोकून बंद केलेली आहेत, तिथं गटार तुंबलं तर तक्रार करायला मालक सापडत नाही. म्हणून घर बघण्याआधी गल्ली बघा, आणि तीनदा बघा: कामाच्या दिवशी सकाळी, शुक्रवारी रात्री, आणि कचरा उचलायच्या दिवशी मागच्या बोळात शिरून.

बोळ सगळं सांगतो. फाटक्या गाद्या आणि सोफे टाकलेले असतील, तर तिथले भाडेकरू भराभर बदलतात असं समजा.

मँचेस्टरला कामाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मे २०१५ मध्ये टॉडमॉर्डनजवळचा रेल्वेचा तुटलेला दुवा पुन्हा जोडला गेला, तेव्हापासून बर्नली मँचेस्टर रोड स्टेशनातून मँचेस्टर व्हिक्टोरियाला थेट गाडी आहे, साधारण तासाभराची. शिवाय एक्स ४३ नंबरची बस आहे. पण शिफ्ट रात्री सुटत असेल तर शेवटची गाडी किती वाजता हे आधी बघा, मग घर.

भाड्याचा व्यवहार

इथं ब्रोकरेज नाही. भाडेकरूकडून एजंटनं दलाली, करार-फी, ‘रेफरन्स फी’ असलं काही घेणं २०१९ च्या कायद्यानं बंद आहे. घेता येतं ते एवढंच: घर धरून ठेवायला जास्तीत जास्त एक आठवड्याचं भाडं, आणि डिपॉझिट म्हणून जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं. महिना ६०० पौंड भाडं असेल तर टोकन सुमारे १३८ आणि डिपॉझिट सुमारे ६९२ पौंड. ते डिपॉझिट मालकाला नुसतं खिशात घालता येत नाही. सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत ३० दिवसांच्या आत नोंदवून त्याचा कागद तुम्हाला द्यावा लागतो. तो कागद मागून घ्या. मागायला लाजू नका.

अकरा महिन्यांच्या कराराची सवय असेल तर ती सोडा. १ मे २०२६ पासून नवा भाडेकरू कायदा लागू होतो. त्या दिवसापासून खासगी भाड्याचे करार मुदतीचे राहत नाहीत, ते महिन्यामागून महिना चालू राहतात. कारण न देता ‘दोन महिन्यांत घर सोडा’ असं मालकाला सांगता येत नाही. तुम्हाला सोडायचं असेल तर दोन महिन्यांची लेखी नोटीस पुरते. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त बोली मागणं किंवा स्वीकारणं बंद, आणि एक महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागणंही बंद.

हा शेवटचा नियम आपल्यासाठी दुधारी आहे. नुकत्याच आलेल्या माणसाचा इथला क्रेडिटचा इतिहास कोरा असतो. पूर्वी आपली माणसं सहा महिन्यांचं भाडं एकदम भरून ही अडचण सोडवायची. आता ती वाट बंद झाली, म्हणजे एजंट जामीनदार मागणार. जामीनदार इथं राहणारा आणि इथं कमावणारा लागतो, बेळगावातले काका चालत नाहीत. नोकरी देणारी संस्था जामीन राहते का, किंवा पहिले काही महिने राहायला खोली देते का, हे ऑफर लेटर हातात आलं तेव्हाच विचारा. सोबत पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन तपासायचा क्रमांक, कायद्यानं मालकाला तो तपासावाच लागतो), नोकरीचं पत्र आणि मिळाल्या असतील तेवढ्या पगाराच्या पावत्या तयार ठेवा.

बर्नलीच्या काही भागांत घर भाड्यानं द्यायला मालकाला नगरपालिकेचा परवाना लागतो. तुमची गल्ली त्या यादीत आहे का आणि मालकाकडे परवाना आहे का, हे काउन्सिलच्या संकेतस्थळावर कळतं. परवाना नसलेल्या मालकाशी मी तरी व्यवहार करणार नाही.

व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ असं लिहिलेलं असेल, आणि कामाच्या व्हिसावर ते असतंच, तर भाड्याला सरकारी मदत किंवा काउन्सिलचं घर हा पर्याय मनातून काढून टाका. शेजाऱ्याला मिळतं म्हणून अर्ज केलात तर व्हिसाच अडचणीत येईल.

घर बघायला जाल तेव्हा

आता माझी फजिती सांगते. आमचं पहिलं भाड्याचं घर आम्ही जूनमध्ये पाहिलं. ऊन होतं, भिंती ताज्या रंगवलेल्या होत्या, एजंट गोड बोलत होता. जानेवारीत एकदा कपाटाखालून कोल्हापुरी चपला काढल्या, तर त्यांच्यावर पांढरी लव आलेली, पेढ्यावरच्या पिठीसाखरेसारखी. कपाट पुढं ओढलं, तर मागची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत काळी. रंग ताजा का होता, ते तेव्हा कळलं. एजंटचं म्हणणं होतं की तुम्ही फोडण्या फार देता.

अर्धं खोटं होतं, अर्धं खरं. या घरांच्या बाहेरच्या भिंती भरीव दगडाच्या किंवा विटांच्या आहेत, नव्या घरांसारखी मधली पोकळी त्यांत नसते. भिंत थंड राहते आणि घरातली वाफ तिच्यावर जाऊन बसते. कुकर, आंघोळ, रेडिएटरवर वाळत टाकलेले कपडे, सगळ्यांची वाफ. ही झाली एक ओल. दुसरी बाहेरून येते: पन्हळ फुटलेली, चिमणीचा सांधा उघडा, छपराची पाटी निसटलेली. तिसरी जमिनीतून वर चढते. पहिलीला पंखा, उघडी खिडकी आणि उष्णता पुरते. दुसरी-तिसरीला गवंडी लागतो, आणि तो खर्च मालकाचा.

कुठली ओल आहे हे ओळखायला मी आता असं करते. आधी घराच्या मागं जाते आणि पन्हळीखालची भिंत बघते. हिरवा ओघळ दिसला की पाणी कित्येक पावसाळे तिथूनच उतरतंय. मग समोरच्या फुटपाथवर उभं राहून छपराची रेघ बघते, मध्येच खोलगट दिसते का. आत शिरल्यावर पहिला श्वास नाकानं घेते. अगरबत्ती नाहीतर सुगंधी मेणबत्ती लावलेली असेल तर संशय दुप्पट. बाहेरच्या भिंतीला, खालच्या बाजूला, तळहात लावते. तेवढाच पट्टा नव्यानं रंगवलेला असेल तर विचारते. तळघर असेल तर उघडायला लावते. न्हाणीघरातला पंखा स्वतः चालू करून बघते. आणि शक्य असेल तर पावसात जाते. बर्नलीत त्यासाठी फार वाट बघावी लागत नाही.

ऊर्जेचं प्रमाणपत्र, म्हणजे ईपीसी, पत्त्यावरून ऑनलाइन फुकट बघता येतं. भाड्याच्या घराला किमान ‘ई’ दर्जा लागतो. ‘ई’ आणि त्याहून वरचा ‘सी’ यांतला फरक जानेवारीच्या गॅसच्या बिलात दिसतो.

राहायला लागल्यावर बुरशी दिसली तर फोनवर सांगू नका. फोटो काढून ईमेल करा, तारीख राहते. दाद नाही दिली तर काउन्सिलच्या पर्यावरण आरोग्य खात्याकडे जा. जवळच्याच रॉचडेलमध्ये २०२० साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीनं दगावला. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून काउन्सिल आणि सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांना लागू झाला, आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती सक्तीची झाली. खासगी मालकांना तो अजून लागू नाही, पण त्या घटनेनंतर ‘तुम्ही फोडण्या देता’ हे उत्तर काउन्सिलपुढं टिकत नाही.

महिन्याचा हिशेब

दोन बेडरूमच्या टेरेसचं भाडं गल्लीप्रमाणे साधारण ५५० ते ७०० पौंड. त्यावर काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी. तो १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरलेल्या ए ते एच गटांप्रमाणे लागतो. बर्नलीतली बहुतेक टेरेस घरं सर्वांत खालच्या ‘ए’ गटात आहेत, तरी हा कर वर्षाला दीड हजार पौंडांच्या वर जातो. हप्ते साधारणपणे दहा असतात, फेब्रुवारी-मार्च मोकळे. घरात एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट मिळते, आणि ती घेतल्यानं व्हिसाला धक्का लागत नाही. गॅस, वीज, पाणी, इंटरनेट वेगळं. हिवाळ्यातला महिना उन्हाळ्यातल्या महिन्यासारखा धरून बजेट करू नका, सगळ्यांची पहिली चूक तीच.

आता विकत घ्यायचं म्हणता?

हिवाळा काढलात, गल्ली पटली, तर पुढचं वाचा.

२०२४ च्या सरकारी आकड्यांनुसार इंग्लंडमध्ये घराची किंमत मध्यम वार्षिक पगाराच्या ७.७ पट होती. बर्नलीत ती चारपटीच्या आसपास. नर्सचा २०२५-२६ मधला सुरुवातीचा पगार ३१ हजार पौंड धरला, आणि बँका साधारण साडेचारपटीपर्यंत कर्ज देतात असं धरलं, तर एकट्या नर्सला इथं टेरेस घर कर्जावर परवडतं. लंडनमध्ये हे स्वप्नातही नाही. १,१०,००० चं घर, दहा टक्के म्हणजे ११,००० हातचे, उरलेले ९९,००० पाच टक्के व्याजानं तीस वर्षांसाठी: हप्ता सुमारे ५३० पौंड. म्हणजे भाड्याहूनही कमी.

माणूस इथंच भुलतो. भाड्याच्या घरात छप्पर मालकाचं असतं, विकतच्या घरात तुमचं. शतकभर जुन्या घराचं छप्पर, बॉयलर आणि वायरिंग या तिन्हींचा खर्च हजारांत मोजायचा, शेकड्यांत नाही. शिवाय हप्त्याच्या जोरावर ‘किंमत वाढणारच’ हे आपलं मुंबई-पुण्याचं गणित इथं मांडू नका. २००७ च्या सुमाराला घर घेतलेल्यांना तीच किंमत परत बघायला दहा वर्षांहून जास्त थांबावं लागलं. पाच वर्षांत गाव सोडायचा विचार असेल तर भाडंच बरं.

कामाच्या व्हिसावर कर्ज मिळतं, पण प्रत्येक बँकेचे नियम वेगळे. कुणी व्हिसाची शिल्लक मुदत बघतं, कुणी जास्त डिपॉझिट (हातचे पैसे) मागतं. स्वतंत्र मॉर्गेज ब्रोकर गाठा. आईवडील भारतातून पैसे पाठवणार असतील तर बँक त्यांचं ‘ही भेट आहे, परत मागणार नाही’ असं पत्र आणि पैशाचा उगम दोन्ही मागते. भारताच्या बाजूनं वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधी कापला जातो. तो नंतर आयकर विवरणात वळता होतो, पण तेवढे पैसे तोवर अडकतात.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं, कारण हे इथला एजंट सांगत नाही: पुण्याचा फ्लॅट.

इंग्लंडमध्ये सव्वा लाख पौंडांपर्यंतच्या घराला स्टॅम्प ड्यूटी शून्य आहे. म्हणजे बर्नलीतल्या बहुतेक टेरेसना काहीच नाही. पण तुमच्या किंवा तुमच्या नवरा-बायकोच्या नावावर जगात कुठंही ४० हजार पौंड, म्हणजे साधारण ४५-५० लाख रुपये, किंवा त्याहून जास्त किमतीचं घर किंवा घरातला हिस्सा असेल, तर हे तुमचं ‘दुसरं घर’ धरलं जातं आणि पूर्ण किमतीवर पाच टक्के जादा लागतात. १,१०,००० वर ५,५०० पौंड! कोथरूडचा फ्लॅट, नाशिकचं बायकोच्या नावावरचं घर, सगळं मोजतात. खरेदीआधीच्या वर्षात १८३ दिवस इथं राहिला नसाल तर आणखी दोन टक्के. वारसानं आलेल्या हिश्शाला काही सवलती आहेत, म्हणून गावाकडच्या वाड्यातला आपला वाटा सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाला, पहिल्याच भेटीत सांगा. लपवलेलं नंतर निघतं, आणि दंडासकट निघतं.

बाकीचा क्रम सोपा आहे. शेजारची घरं खरोखर कितीला विकली गेली हे जमीन नोंदणी खात्याच्या यादीत फुकट दिसतं. मागितलेली किंमत सोडा, ती यादी धरून बोली द्या. बोली मान्य झाली तरी सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. आपल्याकडच्या टोकनसारखं काही नाही, त्यामुळे विकणारा मध्येच जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो. या घरांना सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून घराची तपासणी, करून घ्याच, आणि तोही तिसऱ्या, सर्वांत खोलवरच्या पातळीचा. बँक करते तो तिच्यासाठी असतो, तुमच्यासाठी नाही. बर्नलीखाली कोळशाच्या खाणी होत्या, तेव्हा सॉलिसिटरकडून खाणीचा अहवाल मागवा. घर लीजहोल्ड (जमीन दुसऱ्याची, घर लीजवर) निघालं तर मुंबईकरासारखं दचकू नका. लँकेशरमध्ये ९९९ वर्षांची लीज आणि वर्षाला दोन-चार पौंड जमीनभाडं हा जुना प्रकार आहे. मुदत किती उरली आणि जमीनभाडं वाढतं का, एवढं तपासलं की पुरे.

लिलावातली घरं मात्र नवख्यानं दुरूनच बघावीत. हातोडा पडला की दहा टक्के जागेवर द्यायचे आणि बाकी साधारण २८ दिवसांत. तेवढ्या वेळात व्हिसावरच्या माणसाला कर्ज मिळणं कठीण. नाही जमलं तर दहा टक्के गेले.

किल्ली मिळाल्या दिवशी

भाड्याचं असो की विकतचं, पहिल्या दिवशी सामान आत नेण्याआधी गॅस, वीज आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा. पाण्याचा मुख्य कॉक कुठं आहे ते शोधून एकदा फिरवून बघा, पाइप फुटल्यावर शोधायला वेळ नसतो. भाड्याचं घर असेल तर एजंटच्या यादीतली प्रत्येक खोली फोटोशी ताडून बघा, आणि डाग, ओरखडे लिहून त्याच दिवशी ईमेल करा. कुठल्या वारी कुठल्या रंगाचा डबा बाहेर काढायचा ते शेजारच्या आजींना विचारा. त्या ‘ब्रू’ घेणार का विचारतील. तो चहा. हो म्हणा, कारण त्या गल्लीतलं कुठलं छप्पर गळतं ते त्यांना एजंटपेक्षा जास्त माहीत असतं.

मग कपाट आत घ्या, आणि बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा.